मामाच्या डोळ्यातला वॉल्व

मी जो काही झालो तो मामामुळे. आईचा धाकटा भाऊ, रायपूरजवळच्या अभनपूरच्या बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. त्याचं नाव इथे लिहायची माझी फार इच्छा होती, पण त्याने आधीच तंबी दिली आहे. ‘‘नाव छापशील तर गिऱ्हाईक म्हणतीन, मामा मोठा झाला, आता पंक्चर काढत नाही. मामाच लिही. सारा बाजार मामाच म्हणते.’’ ते खरं आहे. सत्तरीचे दूधवालेसुद्धा त्याला मामाच म्हणतात. तेव्हा मामा.

हे दुकान यंदा दिवाळीनंतर बंद होणार होतं. शेजारच्या मोबाइलवाल्याला ती जागा हवी होती आणि मामा त्याला शब्द देणार होता. कारण मामाची खात्री होती की आपण लवकरच आंधळे होणार. ही गोष्ट त्या खात्रीची आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बाबा रायपूरच्या कारखान्यांच्या भागात, उरल्याला, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर होते, आम्ही मिलच्या मागच्याच पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहायचो. तिथल्या धुळीने मला इतका खोकला व्हायचा की मास्तर हजेरी घेताना माझं नाव न घेता नुसते कान द्यायचे. शेवटी सहावीत आईने माझी पेटी भरली आणि मला मामाकडे आणून सोडलं. मामा दुकानाच्या मागच्या खोलीत एकटा राहायचा. लग्न केलं नव्हतं. का, ते पुढे येईल.

मामाला अंधारात दिसत नाही. लहानपणापासून. घरात बल्बखाली त्याचं बरं चालतं, पण उंबऱ्याबाहेर दिवस मावळला की त्याच्या भाषेत ‘कोळसा’. चष्मा जाड, दुपारचं ऊनही त्याला सोसत नाही, आणि संध्याकाळ तर अजिबात नाही. त्यामुळे बाजारातली बाकीची दुकानं चालू असताना मामाचं शटर खाली यायचं. त्याच्या वयाचे लोक चौकात गप्पा मारायला जायचे. मामा आत येऊन खाटेवर बसायचा आणि म्हणायचा, ‘‘चाल, आज काय शिकवलं? आण पुस्तक.’’

मामा स्वतः आठवी नापास. पण सहावी ते बारावी तो माझ्याबरोबर पास झाला, तोही खाटेवर बसून. त्याची पद्धत अशी. पुस्तक हिंदीत, शाळा हिंदी, पण उत्तर त्याला मराठीत पाहिजे. आणि तोंडी नाही. ‘‘तोंडचं काही खरं नसते. लिहून दे.’’ मग मी जुन्या कॅलेंडरचं पान फाडायचो, त्याच्या पाठीमागे काळ्या मार्करने बोटभर उंचीच्या अक्षरांत उत्तर लिहायचो आणि भिंतीला टेकवून धरायचो. मामा चष्मा वर-खाली करत वाचायचा आणि मग त्याचा लाडका शब्द काढायचा. ‘‘काहून?’’

पाणी शंभर अंशाला उकळतं. काहून? पानं हिरवी असतात. काहून? मी चिडून म्हणायचो, ‘‘मामा, पुस्तकात तसंच लिहिलंय!’’ तो म्हणायचा, ‘‘पुस्तक लिवणाऱ्यालेही कोणीतरी काहून विचारलंच असन. जा, शोध.’’ मी मराठी लिहायला त्या कॅलेंडरांच्या पाठीवर शिकलो आणि थोडंफार विज्ञानही तिथेच. सरांना मी वर्गात ‘क्यों’ विचारायला लागलो, तेव्हा सर आधी रागावले, मग घाबरले आणि शेवटी मला घरून पुस्तकं आणून द्यायला लागले.

हे सगळं मामाला रात्री दिसत नव्हतं म्हणून झालं. दिसत असतं तर तो चौकात गेला असता, आणि मी आज उरल्याला बाबांच्या शिफ्टवर असतो. हा हिशेब मला फार उशिरा लागला. लागला तेव्हा मी रायपूरला चौबे कॉलनीच्या भर रस्त्यावर उभा राहून एकटाच हसलो होतो.

आता पपई.

रातांधळेपणा म्हणजे भाजीपाला कमी पडला, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. मामाच्या बाबतीत आईचं त्याहून जास्त ठाम मत होतं. आई लहान असताना धाकट्या भावाला जेवू घालायचं काम तिच्याकडे असायचं. मामा भाजी तोंडात घेईना. आईला खेळायला जायची घाई. मग ती मुनग्याची म्हणजे शेवग्याची भाजी, लाल भाजी, जी काय असेल ती, मागच्या दाराशी बांधलेल्या शेळीला घालायची आणि सांगायची, खाल्ली त्याने. पुढे मामाला रात्री दिसेना झालं आणि आईच्या मनात शेळी जी बसली ती बसलीच. तेव्हापासून दर रविवारी ती उरल्याहून बस बदलत अभनपूरला येते आणि पिशवीत एक पिकलेली पपई असते. मामाने कितीही सांगितलं की मला वासाने मळमळतं, ती कापून पुढ्यात ठेवते आणि तो खाईपर्यंत हलत नाही. मी बीएस्सीला असताना त्यात व्हिटॅमिनच्या गोळ्यांची भर घातली. मामाने त्याही मुकाट्याने गिळल्या. एकदा मात्र तो म्हणाला, ‘‘माह्या पोटात आता शेत झालं असन पपईचं. डोळ्यात एकही झाड नाही आलं.’’

आणि चिठ्ठी. मामा तरुण असताना कोणीतरी त्याला एका मोठ्या गावच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्या डॉक्टरने डोळ्यात टॉर्च मारला, दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, पडदा सुकत चाललाय, आणखी दहा वर्षं धरा. कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहून दिलं. ती चिठ्ठी मामाने दुकानात वॉल्वच्या डब्यात ठेवली. लिहून दिलेलं म्हणजे खरंच असणार. त्याच दिवशी त्याने लग्नाचा विषय बंद केला. ‘‘एखाद्या बाईच्या गळ्यात आंधळा माणूस काहून बांधायचा?’’ दहा वर्षं गेली. मग आणखी दहा. डोळे होते तसेच. तरी मामा म्हणायचा, ‘‘बोनस चालू हाये.’’

या बोनसात तो तयारी करत होता. रोज दुपारी जेवण झालं की तासभर तो डोळे घट्ट मिटायचा आणि मिटलेल्या डोळ्यांनी काम करायचा. चाक काढायचं, ट्यूब ओढायची, बोटांनी भोक शोधायचं, चकती चिकटवायची. हातोडी कुठे, पान्हा कुठे, पाण्याचं घमेलं किती पावलांवर, सगळं बोटांना पाठ. शाळा सुटल्यावर पोरं जमायची आणि एकमेकांना सांगायची, ‘‘देख, मामा सुते-सुते पंचर बनाथे!’’ म्हणजे मामा झोपेत पंक्चर काढतो. मामा डोळे न उघडताच ओरडायचा, ‘‘हव, सुते हंव! भागो!’’, म्हणजे हो, झोपलोय, पळा, आणि पोरं खिदळत पळायची.

मला ते बघून हसू यायचं. तो कशाची तयारी करतोय हे कळलं त्या दिवसापासून येईनासं झालं.

आता मी रायपूरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम करतो. एमएस्सी झालो आणि पडद्याच्या तपासण्यांच्या खोलीत, डॉक्टर मॅडमच्या हाताखाली लागलो. राहतो चौबे कॉलनीत, एका गच्चीवरच्या खोलीत. यंदा आमच्याकडे एक नवीन यंत्र आलं. हृदयाचा जसा आलेख काढतात तसा हे डोळ्याच्या पडद्याचा काढतं. खालच्या पापणीला दोऱ्याएवढी बारीक तार टेकवायची, कपाळाला एक चकती लावायची, आणि पांढऱ्या कढईसारख्या गोलात तोंड घालून बसायचं. आत प्रकाश चमकतो, आणि पडदा काय उत्तर देतो ते रेघेत उमटतं. निरोगी डोळ्याची रेघ आधी खाली बुडी मारते आणि मग झोकात वर चढते.

नवीन यंत्र बसलं की आधी स्वतःच्या प्रयोगशाळेत भरपूर माणसांचे आलेख काढून ठेवावे लागतात, म्हणजे नेहमीचं कसं दिसतं ते कळतं. मी शिपाई, नर्स, चहावाला, सगळ्यांना बसवून झालं होतं. आणि माझ्या डोक्यात मामा होता. पण मामा त्या चिठ्ठीनंतर कुठल्याही दवाखान्याची पायरी चढलेला नव्हता. ‘‘एकदा ऐकलं तेवढं पुरे.’’

मी फोन केला आणि अर्धं खरं सांगितलं. ‘‘मामा, मशीनसाठी माणसं कमी पडून राहिली. मॅडम चिडल्या आहेत. तू एक दिवस येशील?’’

‘‘तुले नापास करतीन काय?’’

‘‘नोकरीत नापास नसते, मामा. पण बोलणी बसतीन.’’

‘‘मंग येतो. माह्या डोळ्याचं काही सांगायचं नाही पण. फक्त तुह्या मशीनसाठी.’’

मॅडमना मात्र मी सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी मामाने खास इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि पिशवीत आईने दिलेली पपई होती, माझ्यासाठी. मी त्याला तपासणीच्या संमतीचा कागद वाचून दाखवला, त्याने सही केली. डोळ्यांत थेंब घातले आणि आम्ही दोघं खोलीचं दार लावून बसलो. तपासणीआधी अर्धा तास संपूर्ण काळोखात बसावं लागतं. बाहेर भर दुपार, रायपूरचं ऊन, आणि आत आम्ही दोघं काळोखात खुर्चीला खुर्ची लावून.

‘‘दिसून राहिलं काय तुले?’’ मामाने विचारलं.

‘‘नाही अजून.’’

तो खूश झाला. ‘‘चाला! आज आपण बरोबरीत.’’

पाचेक मिनिटांत मला टेबलाची कड दिसायला लागली. मग माझा स्वतःचा हात. मग मामाच्या शर्टाची पांढरी कॉलर.

‘‘आता?’’

‘‘थोडं थोडं.’’

‘‘गद्दार,’’ मामा म्हणाला. ‘‘मले मशीनचा तो लाल ठिपका दिसते. बाकी कोळसा.’’ थोड्या वेळाने तोच म्हणाला, ‘‘बाबू, काळोखात बसलो तर पुस्तक कोण वाचन? सांग काहीतरी. डोळ्यात काय असते ते सांग.’’

मग मी सांगायला लागलो, आणि मला लक्षात आलं की आपण पुन्हा त्या खाटेवर बसलो आहोत. मी म्हणालो, पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांची गंमत अशी की त्या काळोखात कामावर असतात. काळोखात त्या सतत बडबडतात. त्यांच्या टोकाला बारीक दारं असतात, त्यांतून कॅल्शियम आत येत राहतं, आणि कॅल्शियम आलं की पेशी पुढच्या पेशीच्या अंगावर रसायन सोडत राहते. उजेड पडला की दारं मिटतात, बडबड थांबते. पुढची पेशी त्या थांबण्यावरून ओळखते, उजेड आला.

मामा म्हणाला, ‘‘उलटंच हाये हे! काहून?’’

‘‘उरल्याची मिल आठव. रात्रंदिवस धडधड. कोणाला ऐकू येते? कोणालाच नाही. पण एकदा बंद पडली होती, तेव्हा सारा पारा बाहेर आला होता, काय झालं काय झालं करत.’’

‘‘हव!’’ मामा काळोखात मांडीवर हात मारून हसला. ‘‘तुह्या बापानं तर चप्पलही नव्हती घातली!’’

मग मी तारा लावल्या, मंद लाल टॉर्चच्या उजेडात. मामाने कढईत तोंड घातलं. बारीकसा प्रकाश चमकला. रेघ जवळपास सपाट. मोठा प्रकाश चमकवला. रेघ खाली गेली, चांगली खोल, आमच्या नर्सबाईंच्या रेघेइतकी खोल. आणि तिथून वर चढलीच नाही. जरा वळवळली आणि तशीच पडून राहिली.

मला वाटलं, तार निघाली. दाबून बसवली. तेच. मला वाटलं, तारा उलट जोडल्या. अदलाबदल केली. आता रेघ वर गेली आणि खाली येईना. परत बदलल्या. मामा कढईतून म्हणाला, ‘‘काय, चेन उतरली काय?’’ एवढं महागडं यंत्र, आणि माझ्या हातून बिघडलं! शेवटी मामाला बाजूला केलं, तारा स्वतःच्या पापणीला लावल्या आणि स्वतःच कढईत शिरलो. बटण मामाला दाबायला लावलं, बोट धरून ठेवून. प्रकाश चमकला. मी बाहेर येऊन रेघ पाहिली. खाली गेली होती आणि मग झोकात वर चढली होती. यंत्र ठणठणीत होतं.

मी पुन्हा मामाला बसवून चौथ्यांदा तारा तपासत असताना मॅडम आत आल्या. त्यांनी संगणकावरच्या रेघा एकीखाली एक पाहिल्या. मग माझा हात धरून बाजूला केला.

‘‘अब वायर मत छुओ. वायर बिलकुल ठीक है. इनकी आँख ही ऐसे बोल रही है.’’

मग त्या रेघेच्या खोल बुडीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘ये हिस्सा किसका है?’’

‘‘प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा.’’

‘‘कैसा है?’’

‘‘उत्तम आहे, मॅडम.’’ दोन्ही उत्तरं मी चुकून मराठीतच दिली.

‘‘और चढ़ाई किसकी?’’

पुढच्या पेशीची. पहिली पेशी उजेड टिपत होती, अगदी नर्सबाईंइतका. फक्त तिची गोष्ट पुढे पोचत नव्हती. मिल चालू होती, पण इतक्या दबक्या आवाजात की ती बंद पडली तरी पाऱ्यात कोणाला पत्ता लागणार नाही. बिघाड प्रकाश टिपण्यात नव्हता, पेशीपेशींच्या मधल्या सांध्यात होता. मॅडमनी मग स्वतः पडदा तपासला, सावकाश, दोन्ही डोळे. आणि म्हणाल्या, ‘‘सूखा-वूखा कुछ नहीं है. ये तो जन्म से है. आम तौर पर ये बढ़ता नहीं. खून की जाँच से पक्का कर लेते हैं.’’ मामाने ‘‘हेही मशीनसाठीच ना?’’ म्हणत बाही वर सारली.

बाहेर आलो तेव्हा थेंबांमुळे मामाचे डोळे ताटाएवढे झालेले आणि वर ऊन. त्याने गमछा सबंध डोक्यावरून ओढला आणि माझ्या खांद्याला धरून ई-रिक्षात बसला. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, ‘‘भैया, कौन है? शादी कराके ला रहे हो क्या?’’ मामा गमछ्याच्या आतून म्हणाला, ‘‘हव. मुंहदिखाई देबे तभे खोलहूं.’’ म्हणजे तोंड बघायची भेट दिलीस तरच उघडीन. रिक्षावाला इतका हसला की रिक्षा दुभाजकाला लागता लागता राहिली. मीही हसत होतो, आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्या डोळ्यांत तर थेंबही घातलेले नव्हते.

रक्ताचा नमुना बाहेरगावी गेला आणि वाट पाहणं सुरू झालं. या मधल्या आठवड्यांत मला कळलं की मोबाइलवाला नवरात्रात येऊन जागा मापून गेला आहे. मामा दिवाळीआधीच्या सोमवारी त्याला शब्द देणार होता. मी म्हटलं, मॅडम म्हणाल्या ते ऐकलंस ना, वाढत नाही. तो म्हणाला, ‘‘त्या म्हणाल्या. त्या डॉक्टरनं लिवलं होतं.’’

शुक्रवारी दुपारी अहवाल आला. मॅडमनी मला बोलावून नुसता कागद पुढे केला आणि स्वतः खिडकीकडे बघत बसल्या, म्हणजे मला हवं तसं तोंड करता यावं. ज्या जनुकातून ते कॅल्शियमचं दार बनतं, नेमक्या त्याच जनुकात मामाची एक चूक होती. एक अक्षर. मी मॅडमच्या पाया पडलो. त्या ‘‘अरे, अरे’’ करत खुर्ची मागे घेऊन गेल्या.

आधी आईला फोन लावला. समजावून सांगितलं की हा दोष जन्मापासूनचा, आणि आजीकडून आलेला. हा प्रकार आया वाहून नेतात आणि बहुतेक करून मुलग्यांत दिसतो. पलीकडे मागे मिलची धडधड चालू होती.

‘‘म्हणजे,’’ आई हळूच म्हणाली, ‘‘शेळीचा काही संबंध नाही?’’

‘‘काहीच नाही, आई. सगळी भाजी त्याने खाल्ली असती तरी हेच झालं असतं.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की.’’

आई रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, ‘‘शेळीले मात्र रात्री लई साजरं दिसे रे!’’ आणि मग आम्ही दोघं हसत सुटलो.

मग मामाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. आजीकडून आलं म्हटल्यावर म्हणाला, ‘‘चाला, मायची एक तरी वस्तू माह्याकडे आली. भांडी तर सारी ताईनं नेली.’’ मी म्हटलं, मामा, मग सोमवारी मोबाइलवाल्याला काय सांगशील? त्याच्या मागे कोणीतरी घंटी वाजवून बघत होतं, ट्रिंग, ट्रिंग.

‘‘फोनवरचं तोंडचं झालं, बाबू,’’ तो म्हणाला. ‘‘लिहून दे.’’

मी खोलीवर आलो. घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मागून घेतलं, सरलेले महिने त्यांनी आनंदाने फाडून दिले. काळा मार्कर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. जमिनीवर पालथा पडून लिहिलं. सकाळी बसस्टँडवर जाऊन पानांची गुंडाळी अभनपूरच्या बसच्या कंडक्टरच्या हातात दिली. त्याने विचारलं, ‘‘का हे? पोस्टर?’’ मी म्हटलं, मामाची चिठ्ठी आहे, सायकलवाल्या मामाची. तो म्हणाला, ‘‘अरे, मामा के हे!’’ आणि गुंडाळी डोक्यावरच्या फळीत न टाकता स्वतःच्या सीटमागे जपून उभी ठेवली.

ती पानं आता दुकानात लटकवलेली आहेत, टायरांच्या शेजारी, तारेने ओवून. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाईक ती वाचतं, आणि मराठी येत नाही त्यांना मामा वाचून दाखवतो. जुनी चिठ्ठी त्याने कुठे टाकली ते सांगत नाही. पानांवर लिहिलं आहे ते असं:

मामा,

सकाळच्या उजेडात वाच. शटर अर्धं ओढ, ऊन डोळ्यावर घेऊ नकोस.

तुझ्या दुकानात सायकल आली की गिऱ्हाईक काय म्हणतं? ‘पंक्चर आहे.’ आणि तू आधी काय करतोस? वॉल्वला थुंकी लावून बघतोस. बुडबुडा आला की म्हणतोस, ‘ट्यूब चांगली आहे, वॉल्वचं रबर गेलंय.’ हे मला तू सहावीत शिकवलंस. त्या डॉक्टरने तुझ्या डोळ्याच्या वॉल्वला थुंकी लावली नाही. त्याने नुसतं बघून सांगितलं की टायर सुकला.

टायर सुकलेला नाही. ट्यूबला भोक नाही. तुझा पडदा चांगला आहे, हे मॅडमनी स्वतः बघितलं आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या टोकाला कॅल्शियमचे बारीक वॉल्व असतात. ते बनवायचा जो नकाशा असतो त्यात तुझ्याकडे एक अक्षर चुकलं आहे. म्हणून तुझे वॉल्व नीट उघडत नाहीत, पेशी दबक्या आवाजात बोलते, आणि मंद उजेडाची गोष्ट पुढे पोचत नाही. उन्हाचा त्रास आणि जाड चष्मा, तेही त्याच्याबरोबरच आलं.

तू विचारशील, बदलता येतो काय? आज नाही येत. लोक शोध करून राहिले, पण मी तुला खोटी आशा लिहून देणार नाही. रात्री कोळसाच राहील.

तू विचारशील, मग वाढेल काय? हा आजार सहसा वाढत नाही. तू जन्मलास तेव्हा जसा होता तसाच तो आज आहे, आणि पन्नास वर्षांत तू स्वतःच ते करून दाखवलं आहेस. तो बोनस नव्हता, मामा. ते तुझंच होतं. वर्षातून एकदा मॅडमना डोळे दाखवायचे, एवढं मात्र करायचं. मी न्यायला येईन. गमछा आण.

आता माझं एक ‘काहून’. मी शिकलो, ते काहून? तू दिवस मावळला की घरी बसायचास म्हणून. म्हणजे माझी डिग्री त्या बिघडलेल्या वॉल्वमुळे आली आहे. त्यांना नावं ठेवू नकोस. जे लग्न तू केलं नाहीस त्याचं मी काय करू, मला माहीत नाही. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. पण आई म्हणते, अजूनही पन्नाशी म्हणजे काही फार नाही. हे तिचं मत आहे, माझा हात त्यात नाही.

पपई बंद. आईला सांगितलं आहे. तरी रविवारी ती एक घेऊन येईल, सवय आहे. ती एक खा.

सोमवारी मोबाइलवाल्याला सांग, जागा रिकामी होत नाही. आणि दुपारची ती डोळे मिटून काम करायची प्रॅक्टिस आता सोड. पोरांना फारच वाईट वाटलं तर शनिवारी एकदा करून दाखव.

हे मी शुद्धीत, दिवसाउजेडी, अहवाल शेजारी ठेवून लिहिलं आहे. खाली सही केली आहे.

उत्तर पाठव. मोठ्या अक्षरात. तोंडचं काही खरं नसते.

तुझा भाचा